वेताळाचे वतन

सन १९६३ च्या पहिल्या जानेवारीपासून महाराष्ट्रातील मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदे कायद्याने बरखास्त झाली, आणि त्यानंतर चौदाच महिन्यांनी, १९६४ च्या मार्चात, मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनी वेताळ या चित्रकथानायकास घेऊन इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक बाजारात आणला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव शोधू जाणे हा शुद्ध वेडेपणा होईल. ज्यांनी पाटीलकीचा निकाल लावला त्यांच्या टिपणीत वेताळाचे नाव असण्याचे कारण नव्हते, आणि ज्यांनी वेताळ आणला त्यांच्या मनाला वऱ्हाडातील पाटील-पटवाऱ्यांचा विचारही शिवला नसेल. तरीही बुलढाणा जिल्ह्यातील ज्या घरांमध्ये ओसरीवर बसून आजोबा गेलेल्या मानपानाचा हिशेब सांगत आणि त्याच वेळी आत माजघरात नातू मुखवटाधारी वेताळाच्या एकवीस पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ करीत, त्या घरांमध्ये वाढलेल्या वाचकाला हे जुने अंक आज पुन्हा हाती घेताना एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते, ती अशी की, वेताळ हा आम्हांस आवडला तो त्याच्या बाहुबलामुळे नव्हे, तर तो वतनदार होता म्हणून. त्या एका विधानाच्या समर्थनार्थ, आणि काही अंशी त्याच्या उलटतपासणीसाठी, ही प्रस्तावना लिहिली आहे.

वेताळाचा मूळ जन्म अमेरिकेतला. वयाची पंचविशीही न गाठलेल्या ली फॉक नावाच्या लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांतील दैनिक चित्रपट्टीच्या रूपाने त्याला लोकांपुढे उभे केले, तेव्हा सुपरमॅनचा अवतार होण्यास दोन वर्षांहून अधिक अवकाश होता आणि बॅटमॅनला तीन वर्षांचा. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि त्या मुखवट्याआड बुबुळे नसलेले पांढरे डोळे, हा जो पुढे अशा यच्चयावत वीरांचा गणवेशच होऊन बसला, त्याचा पहिला मानकरी हाच. बुबुळांवाचूनच्या त्या दृष्टीची कल्पना फॉकला प्राचीन ग्रीक शिल्पांवरून सुचली होती. प्रारंभी त्याचा बेत असा होता की, जिमी वेल्स नावाच्या एका श्रीमंत आणि वरकरणी निरुद्योगी तरुणाने रात्री हे सोंग घेऊन हिंडावे. परंतु पहिलीच कथा चालू असताना त्याने तो बेत मोडला, आणि नायकास शहरातून उचलून थेट अरण्यात नेऊन बसविले. ही दुरुस्ती त्याने केली नसती तर आमच्यापुरता हा विषय तेथेच संपला असता, कारण रात्री मुखवटे चढवून फिरणारे धनिकपुत्र पुढे पैशाला पासरी झाले. पोशाखाच्या रंगाविषयी मात्र जगात एकमत झाले नाही. मुळात जांभळा असलेला वेताळ स्वीडनमध्ये निळा आणि इटलीत तांबडा होऊन वावरला, आणि त्यामुळे कोणत्याही देशातील वाचकाच्या भक्तीत बाध आल्याचे ऐकिवात नाही.

रे मूर हा त्याचा पहिला चित्रकार, विल्सन मॅकॉय दुसरा, आणि १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ साय बॅरी तिसरा. बॅरीचा वेताळ देखणा आहे, त्याच्या अरण्याला खोली आहे, त्याच्या घोड्याच्या अंगावरील स्नायू मोजून घ्यावेत असे आहेत. उलट मॅकॉयची माणसे लाकडी बाहुल्यांप्रमाणे ताठ उभी राहतात आणि त्यांच्या गुद्द्यांना वजन नसते. असे असूनही माझे मत मॅकॉयच्या बाजूने पडते. त्याच्या रेषेत एक प्रकारचा दप्तरी कोरडेपणा आहे, आणि पूर्वजांच्या वहीतून काढलेल्या नकलेप्रमाणे ती चित्रे खरी वाटतात.

या सर्व इमारतीचा पाया ज्या एका चौकटीवर आहे तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण कथा कोणतीही असो, आरंभीच्या पानावर ही चौकट बहुधा येतेच. सन १५३६. चाच्यांनी लुटलेल्या जहाजावरून वाचलेला एकुलता एक तरुण अरण्याच्या किनाऱ्यास लागला आहे, बांडार जातीच्या ठेंगण्या वनवासी लोकांनी त्याला जीवदान दिले आहे, आणि काही काळाने त्याच किनाऱ्यावर वाहत आलेल्या एका प्रेताच्या अंगावर त्याला आपल्या खून झालेल्या बापाचे कपडे दिसले आहेत. त्या मारेकऱ्याची कवटी उजव्या हातात उंच धरून तो गुडघ्यावर बसला आहे; भोवती बांडार उभे आहेत, मागे ज्वाळा आहेत, आणि तो शपथ घेतो आहे. शपथेचा मजकूर ध्यानात घ्यावा: चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशासाठी आपण आयुष्य वेचू, एवढ्यावर तो थांबत नाही, तर आपल्यामागून आपले पुत्र आणि पौत्रही हेच करतील असे तो अजून जन्मासही न आलेल्या वंशजांच्या वतीने लिहून देतो. सुडाची प्रतिज्ञा एका माणसाबरोबर संपते. ही संपत नाही, कारण ही सनद आहे.

भारतात हा इसम इंद्रजालच्या पूर्वीच येऊन दाखल झाला होता. इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडियामध्ये १९४० नंतरच्या दशकात त्याच्या रविवारच्या चित्रपट्ट्या येत असत, पण तो इंग्रजी जाणणाऱ्या दिवाणखान्यांचा पाहुणा होता. इंद्रजालने त्याला गावोगाव नेले. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे निघाले, मग त्याच्या जोडीस मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर आदी मंडळी आली; मासिक होते ते १९६७ मध्ये पाक्षिक झाले, १९८१ मध्ये साप्ताहिक झाले, आणि १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले. मुखपृष्ठे रंगविणारे गोविंद ब्राह्मणिया, ज्यांची बी. गोविंद ही सही पुष्कळांच्या स्मरणात असेल, यांचे या यशातील श्रेय आतल्या चित्रकारांपेक्षा कमी मानू नये. स्टेशनावरच्या दुकानात दोरीवर लटकणाऱ्या अंकाकडे मुलाचा हात जाई तो त्या मुखपृष्ठामुळे. मूळ चित्रपट्टी वृत्तपत्रासाठी आडवी आखलेली असल्यामुळे पुस्तकाच्या उभ्या पानात बसविताना तिची कापाकापी होई, कोठे चौकटीचा डावा भाग जाई, कोठे आकाश जाई, आणि नायकाचा घोडा अर्धाच दिसे.

त्याहून महत्त्वाची कापाकापी नावांची होती. मुळात चाच्यांच्या टोळीचे नाव सिंग असे होते आणि वेताळाच्या बापास पाठीत सुरा खुपसणाऱ्या खुन्याचे नाव राम. ही नावे येथे तशीच छापणे म्हणजे आगीशी खेळ, हे जाणून संपादकांनी सिंगचे सिंगा केले, रामाचे रामलू केले, आणि बेंगाली या देशनामाच्या जागी डेंकाली हे कोणत्याही नकाशावर न सापडणारे नाव योजले. हिंदुस्थान हा ज्यांच्या कल्पनेत सर्प, रत्ने आणि दगाबाज दरोडेखोर यांचे कोठार होता, त्यांच्या कथेतून हिंदुस्थानची ओळख पुसून ती हिंदुस्थानातील मुलांच्या हाती देणे, हे काम वरवर पाहता किरकोळ दिसते. परंतु त्या एका तजविजीमुळे आम्ही वेताळ निर्वेधपणे वाचू शकलो, आणि त्या तजविजीवाचून कदाचित अधिक सावधपणे वाचला असता. यात लाभ किती आणि हानी किती याचा ताळेबंद मांडणे मला जमलेले नाही.

आमच्या जिल्ह्यात तो रेल्वेने आला. मलकापूर आणि शेगाव ही मुंबई-नागपूर मार्गावरील स्टेशने, आणि जलंबवरून फुटणारा, कापसासाठी १८७० मध्ये घातलेला खामगावचा फाटा, हेच बाहेरच्या छापील जगाचे आमच्याकडील दरवाजे होते; बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार या घाटावरच्या गावांना अंक पोहोचे तो एस. टी. च्या टपावरून, शिळा होऊन आणि बहुधा कोपरे दुमडून. गजानन महाराजांच्या दर्शनास शेगावी गेलेल्या कुटुंबाने परतताना प्रसादाबरोबर एक वेताळ आणणे ही पुष्कळ घरांतील वहिवाट होती. उन्हाळ्याच्या सुटीत ओसरीवर सुतळी बांधून तीवर जुने अंक वाळत घालावेत आणि काही पैसे घेऊन ते तेथल्या तेथे वाचावयास द्यावेत, हा मुलांचा व्यापारही जोरात चाले. वडीलधारी मंडळी रागावत, पण त्यांच्या रागात जोर नसे. कारण बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे रात्रभर कंदिलाशी बसून वाचल्याची साक्ष त्यांच्याविरुद्ध घरातच उपलब्ध असे. चांदोबाने आधीच विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ घरात आणून ठेवला होता, गावाबाहेरचा शेंदूर फासलेला वेताळ तर त्याहून कितीतरी जुना; तेव्हा या नव्या वेताळास नावाची ओळख करून देण्याची गरज पडली नाही.

आज जे अंक टिकून राहिले आहेत ते बहुधा बांधीव आहेत. पंधरा-वीस अंक एकत्र करून, खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालून, पाठीला कापड लावून गावातल्या बाइंडराने जो ठोकळा तयार केलेला असतो, तो उघडला की प्रथम एक अडचण उभी राहते: कातरणीच्या यंत्राने वरची कड सरळ करताना पहिल्या ओळीतील निवेदनाचे डोके उडालेले असते, आणि आतल्या बाजूची शिवण इतकी घट्ट बसलेली असते की, प्रत्येक पानाच्या आतल्या टोकाची चौकट त्या घडीत बुडून जाते. संभाषणाच्या फुग्यातील शेवटचे अक्षर वाचण्यासाठी ठोकळा दोन्ही हातांनी ताणावा लागतो, आणि ताणला की कागद मोडतो. टाचण्यांचा गंज पलीकडच्या चार पानांवर उतरलेला असतो. ज्यांनी हे अंक इतक्या काळजीने बांधून घेतले त्यांनीच त्यांचे सर्वांत अधिक नुकसान केले, असे म्हणण्याचा मोह होतो; पण जे बांधले गेले नाहीत ते रद्दीत गेले, हेही तितकेच खरे आहे.

आता वतनाकडे वळू. वेताळाच्या अंगी कोणतीही अलौकिक शक्ती नाही. तो उडत नाही, त्याला गोळी लागली तर रक्त येते, आणि आजवर असे वीस वेताळ मरून कवटीच्या आकाराच्या त्या गुहेतील दालनात ओळीने निजलेले आहेत. त्याचा सारा दरारा वहिवाटीवर उभा आहे. ज्येष्ठ पुत्राने बापाच्या मृत्यूनंतर गुहेत येऊन शपथ घ्यावयाची, तोच पोशाख अंगावर चढवावयाचा, आणि बाहेरच्या लोकांनी समजावयाचे की हा तोच, चारशे वर्षांपूर्वीचा, अमर. त्याच्यापाशी दोन अंगठ्या आहेत, एकीचा ठसा शत्रूच्या जबड्यावर कवटीची कायमची खूण उमटवितो आणि दुसरीचा ठसा मित्रास अभय देतो; पाटलाची निशाणी नांगर, तशी याची निशाणी कवटी, आणि शिक्कामोर्तबाखेरीज याच्या अधिकारास पूर्णता नाही. त्याच्यापाशी खजिना आहे, त्यात अलेक्झांडरचा हिऱ्याचा प्याला आहे. आणि त्याच्यापाशी दप्तर आहे: प्रत्येक वेताळाने आपल्या कारकिर्दीची हकिकत स्वहस्ते लिहून ठेवलेल्या जाडजूड वह्यांची फळीच्या फळी, जीतून आजचा वेताळ एखादी वही काढतो आणि आपल्या अकराव्या किंवा सतराव्या पूर्वजाची कथा वाचू लागतो. अर्ध्याअधिक उत्तम कथा या दप्तरातून निघाल्या आहेत, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आले असेल.

इंद्रजालच्या अगदी पहिल्याच अंकात कोणती कथा होती? कमरपट्ट्याची. विसावा वेताळ दग्याने मारला जातो, मारेकरी रामलू त्याचा पट्टा काढून नेतो, आणि गादीवर आलेला एकविसावा वेताळ तो पट्टा परत मिळविण्यास निघतो. शेकडो कथांतून आरंभास हीच का निवडली गेली याचे कारण संपादकांच्या लेखी कदाचित अगदी व्यवहारी असेल. पण वऱ्हाडी वाचकास ती वाचताना परकेपणा वाटण्याचे काहीच कारण नव्हते. १९०० साली इंग्रज सरकारने वऱ्हाडातील पाटील-पटवाऱ्यांच्या वंशपरंपरागत हक्कांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि त्यानंतरची साठ वर्षे आमच्या गावांत रुजू-नोंदी, दाखले आणि वारसाचे दावे यांनी कचेऱ्या गजबजून गेल्या. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली बैलजोडी कोणाची जावी यावरून डोकी फुटली आहेत. ज्याचा मान गेला त्याचे शेत, वाडा, गुरेढोरे शाबूत असूनही तो गावात निम्मा होऊन वावरे. बापाच्या अंगावरची खूण शत्रूच्या अंगावर पाहण्यातील जी यातना त्या पहिल्या अंकात चितारली आहे, ती समजावून सांगावी लागेल असा श्रोता आमच्याकडे मिळाला नसता.

आणि हे केवळ गतकाळाचे वर्णन आहे असेही कोणी समजू नये. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घट मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पिके आणि राजाची गादी यांविषयी जे भाकीत सांगतात, ते चंद्रभान महाराज वाघ यांच्या वंशातील पुरुष. परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची सांगितली जाते, आणि भाकीत खरे ठरो वा खोटे, ते सांगण्याचा अधिकार त्या घराण्याचा, याविषयी तेथे जमणाऱ्या शेतकऱ्यांत वाद नसतो. भाकिताच्या शास्त्रीयतेविषयी माझे मत अनुकूल नाही. परंतु मांडणी करणारा हात पिढीगणिक बदलतो आणि तरी लोक तोच हात समजून ऐकतात, ही गोष्ट पाहिली म्हणजे फॉकच्या कल्पनेत अशक्य असे काही उरत नाही.

फॉकने वतन पाहिले नव्हते हे मात्र एका ठिकाणी उघड होते. एकवीस पिढ्या, आणि भाऊबंदकी जवळजवळ नाही! तक्षिमांवरून भांडण नाही, दत्तकाचा तंटा नाही, धाकट्या पातीने थोरल्या पातीविरुद्ध दिवाणी लावलेली नाही. सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव, जिजाबाईंचे वडील, १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात पुत्रांसह कापले गेले आणि त्यांची भव्य समाधी आज सिंदखेडराजा येथे उभी आहे. त्या घराण्याचा इतिहास ज्याने ओझरता जरी वाचला असेल, तो वेताळाच्या गुहेतील ती वीस शांत थडगी पाहून मनाशी हसल्यावाचून राहणार नाही.

फॉकच्या अरण्याचा उगम कोठला, याविषयी येथेच दोन शब्द लिहितो, कारण तो धागा आपल्या प्रांतापर्यंत येऊन पोहोचतो. टारझन आणि किपलिंगचे जंगल बुक, ही फॉकची दोन उघड ऋणे. बांडार हे नावच किपलिंगच्या वानरसमूहाची आठवण करून देते. किपलिंगने १८९४ मध्ये जे अरण्य रंगविले ते शिवनीचे, म्हणजे मध्य प्रांतातील, आणि १९०३ मध्ये वऱ्हाड त्याच मध्य प्रांतास जोडला गेला. तेव्हा डेंकालीचे ते घनदाट अरण्य आडवळणाने का होईना आमच्याच सुभ्यातून गेलेले आहे. परत आलेले एक पाऊल याहूनही नवलाचे. वेताळ जेव्हा शहरात जातो तेव्हा हॅट, ओव्हरकोट आणि काळा चष्मा घालून मिस्टर वॉकर या नावाने वावरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. आणि २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघून, शेते, रस्ते, नाले ओलांडीत, बुलढाणा-खामगाव रस्त्यावरील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिलेल्या, गळ्यात रेडिओचा पट्टा असलेल्या आणि सुमारे तीन हजार किलोमीटर चालल्याची नोंद झालेल्या तरुण वाघासही वॉकर हेच नाव मिळाले. त्याच्या गळ्यातील पट्टा पुढे, २०२० मध्ये, काढण्यात आला. दोनशे पाच चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्यात बिबटे होते, अस्वले होती, नीलगाई होत्या, पण वाघ तेवढा तो एकटा. बोथ्याच्या जंगलातून जाणाऱ्या बसमधील उतारू काही महिने खिडकीशी जागा मिळविण्यासाठी धडपडत होते.

येथवर मी वेताळाच्या बाजूने बोललो; आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, आणि ते हलके नाही. वतनाची गोष्ट ओसरीवरून एक दिसते आणि वेशीबाहेरून दुसरी. बांडार लोक विषारी बाण घेऊन गुहेच्या वाटेवर रात्रंदिवस पहारा करतात, त्यांचा गुरन हा वेताळाचा बालमित्र खरा, तथापि चारशे वर्षांच्या या सेवेचा मोबदला म्हणून त्यांच्या पदरात काय पडले, हे त्या जाडजूड वह्यांमधून सांगितलेले नाही. गोऱ्या माणसाच्या वंशाने काळ्या माणसांच्या अरण्यात न्यायनिवाडा करावा आणि त्या माणसांनी तो अमर आहे असे मानीत राहावे, ही कल्पना ज्या काळात उदयास आली त्या काळाची मुद्रा तिच्यावर स्पष्ट आहे. आणि ती आम्ही वाचली तो काळ आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होण्याचा होता. वतन हे मान देते तसेच बांधूनही ठेवते, हे आमच्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे सांगितले. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध विधेयक मांडले होते. ज्या घरांनी हे वतन गावकीच्या चाकरीच्या रूपाने भोगले, त्या घरातील मुलानेही वेताळ आवडीने वाचला. फक्त चौकटीतील कोणत्या माणसाच्या जागी तो स्वतःला पाहत असेल, हा प्रश्न ओसरीवरच्या मुलाच्या डोक्यात कधी आला नाही.

फॉकच्या पक्षी इतके म्हणता येईल की, काळ बदलल्याचे त्याने पाहिले आणि आपल्या परीने तडजोड केली. त्या देशास पुढे लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष मिळाला, लामांडा लुआगा, पेशाने डॉक्टर. वेताळ त्याच्या हुकमाखाली नाही, पण त्याच्या विरुद्धही नाही. या तडजोडीतील सर्वांत रमणीय भाग म्हणजे जंगल गस्ती दल. या शिस्तबद्ध दलाचा सर्वोच्च सेनापती कोण हे दलातील कोणासही ठाऊक नाही; त्याच्या कार्यालयात एक तिजोरी आहे, अधिकारी आपले अहवाल तीत ठेवून कुलूप लावतो, आणि पुन्हा उघडतो तेव्हा आत सही नसलेला हुकूम पडलेला असतो. तिजोरीस खालून चोरदार आहे आणि ते एका जुन्या विहिरीच्या भुयाराशी जोडलेले आहे, हे गुपित वाचकास माहीत, त्या अधिकाऱ्यास नाही. ज्यांनी सरकारी कचेरीत उमेदवारी केली आहे त्यांना हा प्रकार कल्पित वाटणार नाही. वरून हुकूम येतो, कोणाकडून येतो ते विचारावयाचे नसते, आणि काम सुरळीत चालते.

वाचकास हे गुपित माहीत असणे, यातच या कथांची खरी गोडी आहे. अरण्यातील लोक वेताळास अमर मानतात. आम्ही मानीत नव्हतो. भूत-पिशाच्चांच्या बाधेपासून सोडवणूक व्हावी म्हणून सैलानीच्या यात्रेस लोटणारे लोक ज्या जिल्ह्यात दर होळीनंतर दिसतात, त्या जिल्ह्यातील दहा वर्षांच्या मुलाला एका पुस्तकाने विश्वासात घेऊन सांगितले की, हा देव नाही, हे भूत नाही, ही एकवीस माणसे आहेत आणि त्यांनी एक पोशाख वाटून घेतला आहे. अद्भुताची चव न घालविता त्याची यंत्रणा उघडी करून दाखविणारे दुसरे पुस्तक त्या वयात आमच्या हाती पडले नाही.

एका कथेचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष होते. सतरावा वेताळ अंथरुणास खिळलेला असता त्याची जुळी बहीण ज्युली तो पोशाख चढविते आणि त्याचे काम पाहते. फॉकने ती १९५२ मध्ये लिहिली. भावाच्या नावावर कारभार बहिणीने करावा, तो त्याच्याहून बरा करावा, आणि तो बरा झाला की शिक्का निमूट परत द्यावा, हे आमच्या वाड्यांना अपरिचित नाही. फॉकने ज्युलीस वेताळांच्या क्रमांकात गणले नाही. गणती एकवीसच राहिली.

आणि मग डिसेंबर १९७६ मध्ये त्याच इंद्रजालमधून बहादूर आला. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला हा अस्सल देशी नायक, अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स, हा डाकू भैरवसिंगाचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला, आणि मुलाने ज्याच्या गोळीने तो मेला त्या अधिकाऱ्याचा सूड घेण्याची शपथ घेतली. येथवर ही कवटीच्या चौकटीचीच नक्कल आहे. परंतु पुढे त्या मुलास बाप काय होता हे कळते, शपथ गळून पडते, आणि तो गावातील माणसे जमवून नागरिक सुरक्षा दल उभे करतो. वेताळाचे काम बापाकडून आलेले असल्यामुळे थोर आहे, बहादूरचे काम बापाकडून आलेले नसल्यामुळे. बारा वर्षांच्या अवधीत एकाच प्रकाशनाने, एकाच आकाराच्या पानांत, या दोन्ही गोष्टी आम्हांस विकल्या, आणि आम्ही दोन्ही विकत घेतल्या, आलटून पालटून, त्यांत विरोध आहे असे न वाटता. बहादूरच्या कथांची रचना सैल आहे, संवाद कधीकधी भाषणासारखे होतात, चंबळच्या खोऱ्यात त्याच त्याच टेकड्या पुन्हा येतात. कलाकृती म्हणून वेताळ त्याच्याहून सरस आहे हे मान्य करूनही, पाटीलकी गेल्यानंतरच्या महाराष्ट्राला शोभणारा नायक हाच होता, असे मला वाटते.

म्हणून ज्यास हे अंक नव्याने वाचावयाचे असतील त्याने पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करू नये. बहादूरचे आरंभीचे अंक आधी मिळवावेत, ते वाचून झाल्यावर कमरपट्ट्याची कथा काढावी, त्यानंतर ज्युलीची; १९७७ मध्ये फॉकने लावून दिलेले वेताळ आणि डायना यांचे लग्न सावकाश वाचले तरी चालेल, त्यात पाहुण्यांची यादी फार मोठी आहे. बांधीव ठोकळा मिळाला तर तो फार ताणू नये, आणि पानाच्या आतल्या कडेचा जो शब्द शिवणीत गेला असेल तो अदमासाने लावून घ्यावा.